मशीनचं कोटेशन मागवण्याआधी दीडशे रुपयांचा कोअरर हातात घ्या



सफरचंदाच्या कोअररचा व्हिडिओ टाकल्यापासून दोनच प्रश्न फिरून फिरून येतायत. पहिला, "ताई, हे तर सुरीने होतं, वेगळं अवजार कशाला?" आणि दुसरा बरोबर त्याच्या उलटा, "ताई, हाताने कुठवर करत बसणार? मोठी मशीन कुठे मिळेल ते सांगा." दोन्ही प्रश्न रास्त आहेत. व्हिडिओत आकडे नीट मांडता येत नाहीत, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. घरून सुकवलेल्या फळांचा धंदा करायचा असेल, तर कुठलीही मशीन बघायच्या आधी निदान २० किलो फळ हाताच्या कोअररने काढा, वजन करा, वेळ लावा आणि वहीत लिहा. दीडशे-दोनशे रुपयांच्या या वस्तूमुळे तुमचा वेग किती वाढेल ते सोडा. तुमच्या धंद्याचा पैसा नक्की कुठे जातोय, हे ती दाखवते. हे न बघता कर्ज काढून मशीन घेणं म्हणजे डोळे झाकून रस्ता ओलांडणं.

आणि हो, मी भांड्यांच्या दुकानात बसते, कोअरर विकते, हे तुम्हाला माहीतच आहे. म्हणून तो कधी घेऊ नये हेही सांगणार आहे.

सुरी की कोअरर?

ज्यांनी वस्तू बघितलेली नाही त्यांच्यासाठी: कोअरर म्हणजे दातेरी तोंडाची स्टीलची नळी, वर धरायला मूठ. फळात दाबून फिरवली की मधला बियांचा गाभा नळीत अडकून बाहेर येतो. फळ अखंड राहतं, मधोमध आरपार भोक पडतं.

घरी मुलांना सफरचंद कापून द्यायचं असेल, तर सुरी पुरे. चार फोडी करा, प्रत्येक फोडीचा बियांचा कोपरा तिरका छाटा, झालं. हात बसलेल्या बाईला यात कोअररपेक्षा जास्त वेळ लागत नाही. फोडीच विकणार असाल तरी कोअरर घेऊ नका.

कोअरर लागतो तो तीन ठिकाणी. एक, गोल चकत्या हव्या असतील तेव्हा. सुकवलेल्या सफरचंदाच्या रिंगा याच नळीने नीट होतात. दोन, फळ अखंड ठेवून आत काही भरायचं असेल तेव्हा. सुकामेवा भरून भाजलेलं सफरचंद हे त्याचं उदाहरण. भरलं पडवळ किंवा भरली कारली करताना आतला बियांचा भाग काढायलाही ही नळी मस्त चालते, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. तीन, आणि धंद्यात हे सगळ्यात महत्त्वाचं, कामाला एकापेक्षा जास्त हात असतील तेव्हा. सुरीने प्रत्येकीचा छाट वेगळा पडतो. नळीचं भोक सगळ्यांचं सारखं पडतं. पाकिटातला माल एकसारखा दिसला तरच गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येतं.

पेरूला ही नळी कामाची नाही, कारण बियांचा गोळा नळीपेक्षा खूप रुंद असतो. आवळ्यालाही नाही. आवळा वाफवला की पाकळ्या हाताने सुटतात, बी आपोआप मोकळी होते. अननसाला स्क्रूसारखा वेगळा कोअरर येतो. त्याचा व्यास ठरलेला असतो, त्यामुळे अननस मोठा निघाला तर चांगला गर सालीला चिकटून राहतो आणि छोटा निघाला तर डोळे चकतीत येतात. तिथे एका मापाची फळं निवडूनच आणावी लागतात.

हात कसा बसवायचा

फळ धुऊन कोरडं करा. पाटाखाली ओलं फडकं घाला म्हणजे पाट सरकणार नाही. सफरचंदाच्या बुडाची पातळ चकती कापा, फळ स्थिर उभं राहतं. तळहातावर फळ धरून नळी दाबायची नाही. दाते फळातून सटकले की सरळ हातात जातात.

देठाच्या मधोमध नळी टेकवा आणि दाबत दाबत फिरवा. नुसतं दाबलं तर फळ फुटतं. अर्ध्यापर्यंत गेलात की फळ उलटं करून खालून तसंच अर्ध्यापर्यंत या. एका दमात वरून खाली गेलं की नळी तिरकी जाते, बियांचा एखादा कप्पा आत राहतो आणि मग परत सुरी घ्यावी लागते. दुसऱ्यांदा मारलेला हा छाट म्हणजे तुमचं नुकसान, ते पुढे आकड्यांत येईलच.

चकत्या केल्या की लगेच लिंबाच्या पाण्यात टाका. एक लिटर पाण्याला दोन लिंबांचा रस पुरतो. कापलेल्या भागातलं एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनला भेटलं की सफरचंद तपकिरी पडतं, आंबट पाण्यात ती क्रिया मंदावते. काम झाल्यावर नळी लगेच बारीक ब्रशने धुवा आणि पुसून ठेवा. दात्यांत वाळलेला गर नंतर निघता निघत नाही.

घेताना काय बघायचं? मूठ जाड आणि पक्की बसवलेली हवी. नळीला बाजूने उघडी खाच असेल तर गाभा बोटाने ढकलून बाहेर काढता येतो. आणि पट्टी घेऊन नळीचा व्यास मोजा. आता या व्यासाचाच हिशेब करू.

भोकातून किती पैसे जातात?

नळीचा व्यास २ सेंटीमीटर धरू. सफरचंद गोल आहे असं समजून शाळेतल्या घनफळाच्या सूत्राने बघितलं तर ७ सेंटीमीटर व्यासाच्या सफरचंदातून साधारण १२ टक्के भाग नळीत जातो. साडेपाच सेंटीमीटरच्या छोट्या सफरचंदातून मात्र तीच नळी साधारण १९ टक्के भाग नेते. नळी तीच, फळ लहान, म्हणून घट जास्त.

आता मंडईत या. मोठं सफरचंद १६० रुपये किलो आणि छोटं १५०. आपला हात आपोआप छोट्याकडे जातो, दहा रुपये वाचतात ना! पण गाभा काढल्यावर मोठ्या फळाचा वापरता येणारा गर पडतो सुमारे १८२ रुपये किलोने, आणि छोट्याचा १८५ रुपयांनी. स्वस्त माल महाग पडला.

अजून एक. मोठी सफरचंदं किलोत साधारण ७ बसतात, छोटी १४. म्हणजे तेवढ्याच वजनाला दुप्पट वेळा नळी फिरवायची. मनगटाला हे पहिल्याच दिवशी समजतं. मशीनवर बसलात तर कदाचित वर्षभर समजणार नाही.

नळीत निघालेला गाभा फेकू नका. बिया काढून तो भाग आणि साल पाण्यात उकळून गाळली की पेक्टिन असलेला रस मिळतो. स्ट्रॉबेरीसारख्या कमी पेक्टिनच्या फळाचा जॅम घट्ट व्हायला तो उपयोगी पडतो.

दीड लाखाचं कोटेशन

मागे एका बचत गटाच्या पाच जणी दुकानात आल्या होत्या. गटप्रमुख काकूंच्या हातात फळं कापायच्या आणि गाभा काढायच्या मशीनचं कोटेशन होतं, दीड लाखाचं. दोघींची भिशीची रक्कम त्यात जाणार होती. एकीने पाटल्या गहाण ठेवायची तयारी केलेली.

मी विचारलं, "काकू, रोज किती किलो करणार?"

"सुरुवातीला दहा."

"दहा किलोत फळं किती बसतात?"

पाचही जणी एकमेकींकडे बघायला लागल्या. काकू म्हणाल्या, "अगं, फळं कोण मोजत बसतं? वजनावर आणायची."

मी म्हटलं, "मग दोन कोअरर न्या आणि एक वही करा. कोटेशन पंधरा दिवस कपाटात राहू द्या. त्यानंतरही मशीन घ्यावीशी वाटली, तर मीच तुमच्याबरोबर बघायला येते."

त्या काकूंना काम येत नव्हतं असं अजिबात नाही. पाचही जणी माझ्यापेक्षा सुगरण. पण स्वयंपाकघरात आपण अंदाजाने काम करतो आणि तो अंदाज बरोबरही येतो. कर्जाचा हप्ता अंदाज घेत नाही, तो ठरलेल्या तारखेला येतो.

एका पाकिटाचा हिशेब

त्यांच्यासाठी जो हिशेब मांडला तोच तुम्हाला देते. तुमच्या गावचे भाव घालून परत करा.

१० किलो मोठी सफरचंदं, १६० रुपयांनी, म्हणजे १६०० रुपये. फळं साधारण ७०. धुणं, गाभा काढणं, चकत्या, लिंबाचं पाणी आणि ट्रेवर मांडणं धरून एका फळाला दीड मिनिट लागतं असं समजू. झाली १०५ मिनिटं. तासाला ६० रुपये मजुरी धरली तर १०५ रुपये. स्वतः करत असलात तरी मजुरी धरायचीच! स्वतःची मेहनत फुकट धरणारा धंदा पहिला मदतनीस ठेवला की तोट्यात जातो.

सफरचंदात साधारण ८५ टक्के पाणी असतं. गाभा काढून उरलेल्या ८.८ किलोतून सुकवलेला माल साधारण १.३ किलो मिळेल असं धरू. ५० ग्रॅमची २६ पाकिटं झाली.

आता भागा. एका पाकिटात फळाचा खर्च साधारण ६२ रुपये. गाभा काढण्यापासून ट्रेपर्यंतची मजुरी ४ रुपये. वीज, पाऊच, लेबल आणि दुकानदाराचं मार्जिन अजून वेगळंच.

इथे थांबा आणि हे दोन आकडे परत वाचा. ६२ आणि ४. मशीन तुमचा वेळ निम्मा करते असं मान्य केलं, तरी ती वाचवणार या ४ रुपयांतले २. त्या ६२ रुपयांना ती हातही लावत नाही. दीड लाखाची मशीन पाकिटामागे २ रुपये वाचवत असेल, तर नुसते तिचे पैसे निघायला ७५,००० पाकिटं लागतील, व्याज सोडून. रोज २६ पाकिटं आणि वर्षात ३०० दिवस काम धरलं तर साडेनऊ वर्षं!

याउलट छोट्या फळाचा हिशेब करा. दहा किलोत १४० फळं, मजुरी २१० रुपये, पाकिटं २४. फळ आणि मजुरी मिळून एका पाकिटाला ७१ रुपये. मोठ्या फळात तेच ६६. म्हणजे मंडईत योग्य फळ निवडून पाकिटामागे ५ रुपये वाचतात आणि त्यासाठी एक रुपयाचं कर्ज लागत नाही.

काम कुठे अडतं ते बघा

काकूंची वही पंधरा दिवसांनी आली. पहिल्याच पानावर दिसलं की एकीच्या हातचा गाभा नेहमी जास्त वजनाचा. तिची नळी तिरकी जायची आणि मग ती सुरीने परत छाटायची. दुसरीने शेजारी बसून तिला दोन्ही बाजूंनी नळी घालायला शिकवलं, प्रश्न मिटला.

मोठी गोष्ट दुसरीच होती. सकाळी चकत्या तयार व्हायच्या आणि ड्रायर रिकामा व्हायची वाट बघत पडून राहायच्या. सफरचंदाच्या चकत्या ५५ ते ६० अंश सेल्सिअसला सुकायला जाडीप्रमाणे साधारण ६ ते १० तास घेतात. छोट्या ड्रायरमध्ये ट्रे मावतात तेवढेच. गाभा काढायचा वेग दुप्पट केला असता तर चकत्यांची रांग दुप्पट झाली असती आणि लिंबाच्या पाण्यात पडून त्या मऊ पडल्या असत्या. म्हणजे दीड लाख त्या अशा ठिकाणी घालणार होत्या, जिथे काम अडतच नव्हतं.

बीबीएला आम्हाला ऑपरेशन्सच्या विषयात हेच शिकवलं होतं: साखळीतला सगळ्यात संथ टप्पा शोधा, पैसा तिथे घाला. तेव्हा ते मोठ्या कारखान्यांचं वाटायचं. पाच जणींच्या ओट्यावरही तेच खरं आहे. त्यांनी मशीन लांबणीवर टाकली आणि ड्रायरची क्षमता वाढवायचं बघितलं. पाटल्या हातातच राहिल्या.

"पण ताई, अनुदान मिळतंय ना!"

हा प्रश्न येणारच. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना, म्हणजे पीएमएफएमई, २०२० साली आली. त्यात वैयक्तिक उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, असं कर्जाशी जोडलेलं अनुदान ठेवलं होतं. योजना चांगली आहे, मी स्वतः लोकांना माहिती घ्यायला सांगते. अर्जाच्या आधी सध्याची मुदत आणि अटी जिल्हा कृषी कार्यालयात विचारून घ्या.

पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. अनुदान ३५ टक्के म्हणजे उरलेले ६५ टक्के तुमचेच, काही खिशातून आणि काही कर्जातून. दुसरं, अनुदान रोख हातात पडत नाही. ते बँकेत ठेवलं जातं आणि कर्जखातं नियमित आणि उद्योग चालू असेल तर तीन वर्षांनी कर्जात वळतं होतं. तिसरं, नको असलेली वस्तू ३५ टक्के सवलतीत मिळाली तरी ती नको असलेलीच वस्तू आहे. साडीच्या सेलमध्ये आपल्याला हे लगेच कळतं, मशीनच्या बाबतीत का कळू नये?

मग मशीन घ्यायचीच नाही का?

घ्यायची की! तोच हिशेब रोजच्या २६० पाकिटांवर करा. ७५,००० पाकिटं साधारण २९० दिवसांत होतात, म्हणजे वर्षाच्या आत. तेव्हा मशीन न घेणं हा वेडेपणा ठरेल. मनगट दुखायला लागलं, माणसं मिळेनात, ऑर्डर परत पाठवायची वेळ आली, ही मशीन घ्यायची खरी कारणं. "शेजारच्या गटाने घेतली" आणि "विकणारा म्हणाला" ही कारणं नाहीत.

कुणी म्हणेल, हाताने करत बसलो तर मोठे कधी होणार? मला वाटतं, २० किलोची वही हातात असलेली बाई लवकर मोठी होते. बँकेत साहेबांनी विचारलं "घट किती, पाकिटाला खर्च किती", की ती वही पुढे सरकवते. आणि मशीनवाल्याला ती विचारते, "तुमच्या नळीचा व्यास किती? छोट्या फळाला वेगळी नळी मिळते का? तासाला किती किलो ते नको, किती फळं ते सांगा." असे प्रश्न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला चुकीची मशीन विकणं अवघड जातं. काउंटरच्या या बाजूला बसून सांगते, खरंच अवघड जातं.

या आठवड्याचा गृहपाठ

चार दिवस, रोज ५ किलो सफरचंद. वहीत सहा रकाने करा: किलोत फळं किती, आणलेलं वजन, निघालेल्या गाभ्याचं वजन, गाभ्यापासून ट्रेपर्यंतची मिनिटं, सुकल्यावरचं वजन आणि काम कुठे थांबलं. दोघी जणी करत असाल तर दोघींचे आकडे वेगळे लिहा. दोन दिवस मोठं फळ, दोन दिवस छोटं.

हा माल विकणार असाल तर आधी एफएसएसएआयची नोंदणी करा. घरून विकत असलात तरी ती लागते आणि अर्ज ऑनलाइन होतो. तोवर नमुने घरच्यांना आणि ओळखीच्यांना खायला द्या, चव आणि जाडीवर त्यांचं मत घ्या.

चार दिवसांनी वही घेऊन शांत बसा आणि एका पाकिटाचा खर्च काढा. त्यात सगळ्यात मोठा आकडा कुठला ते बघा आणि त्याच्याभोवती लाल पेनने गोल करा. तुमचं पुढचं भांडवल त्या गोलात घालायचं. गोल मजुरीभोवती पडला तर मशीनचं कोटेशन जरूर मागवा. फळाभोवती पडला तर पहाटे लवकर उठून मंडईत जा.

वहीचे आकडे मला पाठवा, पुढच्या व्हिडिओत त्यातले काही घेऊन हिशेब करू.